साय.डी. करू का, विचारलंस म्हणून

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न एका ओळीचा होता: ‘मानसशास्त्रात साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) केलं तर पुढे काय?’ उत्तर काही एका ओळीत मावेना, म्हणून हे पत्र.

आधी एक बारीक तक्रार. नावाआधी ‘डॉ.’ लागेल, हे तू दोनदा लिहिलंयस. लागेल ना. मलाही पहिला आठवडाभर सही करताना गंमत वाटायची. समोर रडत बसलेल्या माणसाला त्या अक्षराशी काही देणंघेणं नसतं, हे लवकरच कळतं.

ही पदवी निघाली कशासाठी, ते बघ. १९४९ साली अमेरिकेत बोल्डरला परिषद भरली आणि ठरलं, की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ संशोधकही हवा आणि उपचार करणाराही. ऐकायला छान. पण पीएच.डी. झालेले कितीतरी जण प्रबंध बांधून झाला की संशोधनाकडे फिरकेनात. त्यांना माणसांत काम करायचं होतं. मग १९६८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड पीटरसन यांच्या पुढाकाराने साय.डी. सुरू झाली आणि १९७३ मध्ये तिथल्याच व्हेल या गावी भरलेल्या परिषदेने तिला पाठबळ दिलं. वैद्यकीच्या पदवीसारखीच ही व्यवसायाची पदवी. संशोधन वाचता आलं पाहिजे, तपासता आलं पाहिजे, प्रबंधही बहुतेक ठिकाणी असतोच. पण खरा भर अनुभवी माणसाच्या हाताखाली केलेल्या कामावर.

असं हाताखालचं काम म्हणजे काय, सांगते. दुसऱ्या वर्षी एका बाईंबरोबरचं सत्र मी त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड केलं होतं. त्यांनी मुलाचं नाव घेतलं आणि त्या गप्प झाल्या. टेपवर नऊ सेकंद काहीच नाही. दहाव्या सेकंदाला माझा आवाज: ‘हल्ली झोप कशी आहे?’ सुपरवायझरनी टेप थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. असं तीनदा. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘ती शांतता कुणाला सहन झाली नाही? त्यांना की तुला?’ मी त्या दिवशी घरी जाऊन कुणाशी बोलले नाही. चार ते सहा वर्षं आणि एवढी फी कशाची, तर अशा तासांची. शेवटचं वर्षभर पूर्णवेळ इंटर्नशिप, तीही कुणाच्या तरी नजरेखाली. पुस्तकं काय, घरी बसूनही वाचता येतात.

आता पैशांचं, कारण तू ते विचारायला लाजल्यासारखं दिसतंय. अमेरिकेत पीएच.डी.वाल्यांना बऱ्याच ठिकाणी फी माफ असते, वर विद्यावेतन. साय.डी.चा खर्च मात्र बहुतेकांना स्वतःच पेलावा लागतो, म्हणजे कर्ज. आणि परवान्यासाठी दोघांची परीक्षा एकच, ई-ट्रिपल-पी: २२५ प्रश्न, त्यातले १७५ गुणांना धरतात, वेळ सव्वाचार तास. तिथे कोण कुठल्या पदवीचा, हे कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये गणित वेगळं. तिथली क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट तीन वर्षांची, आणि बहुतेक जागांवर शिकतानाच एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा पगार चालू. साहजिकच प्रवेशाला झुंबड.

मोबदल्यात मिळतं काय? निदान आणि मानसशास्त्रीय चाचण्या स्वतःच्या सहीने करता येतात. इस्पितळ, न्यायालयासाठीचं मूल्यमापन, शाळा, स्वतःची प्रॅक्टिस, नव्यांचं सुपरव्हिजन, सगळी दारं किलकिली होतात. संशोधनावर चालणाऱ्या विद्यापीठात प्राध्यापकी मात्र अवघड, तिथे पीएच.डी.लाच झुकतं माप. औषधं लिहून देणं मनोविकारतज्ज्ञाकडे. अमेरिकेतली न्यू मेक्सिकोसारखी मोजकी राज्यं जादा प्रशिक्षणानंतर मुभा देतात, पण त्या आशेवर प्रवेश घेऊ नकोस.

आणि तुला आवडणार नाही असं एक. तुला फक्त समुपदेशन करायचं असेल, तर पुष्कळ ठिकाणी मास्टर्स आणि समुपदेशकाचा परवाना एवढ्यावर भागतं. तेही चांगलं काम आहे आणि त्यासाठी एवढं कर्ज डोक्यावर घ्यायची गरज नाही. चाचण्यांचा कंटाळा येत असेल तर नीट विचार कर. वेक्सलरची बुद्धिमत्ता चाचणी घ्यायला तास-दीड तास लागतो. तिचा रिपोर्ट मात्र अख्खी संध्याकाळ खातो, आणि घरच्यांना तो कळेल अशा भाषेत लिहायचा तर रात्रही. मला ते लिहिणं आवडतं. माझ्या वर्गातल्या निम्म्यांना आवडायचं नाही, आणि तीन वर्षं झाल्यावर ते कळणं फार महाग पडतं.

तरीही करायचंच असेल, तर माहितीपत्रकातले हसरे चेहरे बाजूला ठेव. एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांना आपले आकडे जाहीर करावेच लागतात: खर्च किती, किती वर्षांत पूर्ण होतं, मधेच किती जण सोडून गेले, मान्यताप्राप्त इंटर्नशिप किती जणांना मिळाली, परवाना किती जणांना. सोडून गेलेल्यांच्या रकान्यापासून वाचायला घे. मान्यता नसलेला अभ्यासक्रम कितीही गोड बोलला तरी परवान्याच्या वेळी रडवतो. आणि जिथे राहून काम करायचंय तिथल्या परवाना मंडळाचे नियम आधी वाच. एका देशातली पदवी दुसरीकडे आपोआप चालत नाही.

तीन अभ्यासक्रमांचे तक्ते काढून ठेव आणि रविवारी फोन कर. अकराच्या आधी नको. शनिवारी रात्री एक रिपोर्ट संपवायचाय.

तुझी,
बाई