आई रोज चालायची, तरीही तिला स्तनाचा कर्करोग झाला. मग व्यायामाचा उपयोग काय? आणि रिपोर्टमधल्या स्टेज, ग्रेड वगैरे शब्दांचा अर्थ काय?

तुमच्या प्रश्नातल्या 'तरीही' या शब्दाशीच मी अडलो. माझ्या ताईलाही हाच आजार झाला होता आणि निदान कळल्यावर ती पहिलं वाक्य हेच बोलली होती, "अरे, मी तर रोज चालते." म्हणून आधी हे सांगतो की तुमच्या आईचं काही चुकलेलं नाही. व्यायामाने धोका कमी होतो, संपत नाही. वय, घराण्यातून आलेली जनुकं, पेशी दुभंगताना नकळत होणारे बिघाड, यांतलं बरंच काही कोणाच्याच हातात नसतं.

पण म्हणून चालणं वाया गेलं असंही नाही. मोठं आतडं, स्तन, गर्भाशयाचं अस्तर, मूत्रपिंड, मूत्राशय, जठर यांच्या कर्करोगाचं प्रमाण अंग हलवत राहणाऱ्यांत कमी दिसतं. व्यायामाने रक्तातलं इन्सुलिन आटोक्यात राहतं, शरीरात आतल्या आत धुमसणारा दाह उतरतो आणि पाळी गेल्यानंतर चरबीतून तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरकही (हॉर्मोन) घटतं, ज्याच्यावर स्तनाचे बरेच कर्करोग पोसले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका. आता आईची काळजी घेताना तुम्ही स्वतःचं चालणं सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती.

रिपोर्टच्या बाबतीत मी केलेली चूक तुम्ही करू नका. ताईच्या बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) कागदावर 'ग्रेड 3' लिहिलं होतं. मी ते तिसरी स्टेज समजलो आणि दाजींनाही तसंच सांगितलं. त्या रात्री घरात कोणाला घास गेला नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्याच कागदाच्या मागे पेनाने चित्र काढून समजावलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते ग्रेड सांगते. आजार शरीरात कुठवर पोचला आहे ते स्टेज सांगते. त्यासाठी टी म्हणजे गाठीचा आकार, एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) आजार पोचलाय का ते आणि एम म्हणजे लांबच्या अवयवांतला प्रसार पाहतात. ताईची ग्रेड 3 होती, पण स्टेज पहिली!

आणखी काही शब्द कानावर येतील. निओअ‍ॅडज्युव्हंट म्हणजे ऑपरेशनच्या आधीचे उपचार, अ‍ॅडज्युव्हंट म्हणजे नंतरचे. मेटास्टॅसिस म्हणजे मूळ जागा सोडून दुसरीकडे पसरणं. स्तनातला कर्करोग हाडात गेला तरी त्याला स्तनाचाच कर्करोग म्हणतात आणि औषधंही त्याचीच देतात. पॅलिएटिव्ह केअर ऐकून घाबरू नका. वेदना, मळमळ, मनावरचा ताण हलका करणारी ही मदत आहे आणि ती मुख्य उपचारांच्या जोडीने पहिल्या दिवसापासून मागता येते.

निदानानंतरही चालण्याचा उपयोग आहेच. 2025 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 889 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन आणि कीमोनंतर ज्यांच्याकडून तीन वर्षं नीट आखून व्यायाम करवून घेतला, त्यांच्यातले 80 टक्के पाच वर्षांनी आजारमुक्त होते. ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली त्यांच्यात हे प्रमाण 74 टक्के होतं. हा आजार वेगळा, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आईला लावू नका. पण कीमोचा थकवा हालचालीने हलका होतो, हे स्तनाच्या कर्करोगातही दिसलेलं आहे. ताई दुसऱ्या कीमोनंतर भिंतीला हात लावत पलंगापासून दारापर्यंत चार फेऱ्या मारायची. पाचवी मारायला आम्ही कधी सांगितलं नाही, एका आठवड्याने तिने ती स्वतःच मारली.

आईला चालवण्याआधी तिच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हिमोग्लोबिन किती आहे, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) किती आहेत आणि हाडांत आजार आहे का.