वाचक विचारतात : जिनिंगच्या जागेवर ड्राइव्ह-थ्रू, मग भाजी बाजार कुठं?

या महिन्यात एकाच गावातून चार पत्रं आली आणि चारही एकाच जागेबद्दल आहेत, म्हणून हे पानभर त्यांनाच दिलंय. गावाचं नाव छापत नाही, हरकतींची मुदत चालू आहे आणि लिहिणाऱ्यांना उगाच त्रास नको. यवतमाळ-वर्धेकडचं तालुक्याचं गाव समजा, बसस्टँडसमोर चौक, चौकाला लागून कित्येक वर्षं बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याचं आवार. तिथं एका कंपनीला ड्राइव्ह-थ्रू हॉटेल काढायचंय, म्हणजे गाडीतून उतरायचंच नाही, एका खांबापाशी ऑर्डर सांगायची, पुढच्या खिडकीतून पार्सल घ्यायचं आणि निघायचं. नगररचनेच्या नकाशांवर मी उभं आयुष्य काम केलंय त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे, उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : भाऊ, नमस्कार. नगरपरिषदेच्या बोर्डावर एक कागद लागलाय, की जिनिंगच्या आवारातली जागा 'भाजी बाजार' या आरक्षणातून वगळून वाणिज्य विभागात घ्यायची आहे आणि हरकती एक महिन्यात द्यायच्या. पोट्टे सांगून राहिले की तिथं ड्राइव्ह-थ्रू येणार. बाजूलाच आमची शाळा, सुटायच्या वेळी चौकात आत्ताच पाय ठेवायला जागा नसते, शुक्रवारी तर बाजार असतो. आम्ही दोनशे सह्यांचं निवेदन तयार केलंय, 'आमच्या गावात परदेशी खाण्याची संस्कृती नको' असं. हे चालेल का? — एक शिक्षिका

उत्तर : ताई, निवेदन द्या, सह्याही ठेवा, पण ते वाक्य काढून टाका. लोकांनी काय खावं हे विकास योजना, म्हणजे गावाच्या जमिनीचा मंजूर आराखडा, ठरवत नाही, कोणत्या जागेवर काय उभं राहावं एवढंच ती ठरवते. संस्कृतीवर हरकत लिहिली की सुनावणी घेणारा अधिकारी 'विषयाशी संबंध नाही' असा एका ओळीचा शेरा मारतो आणि दोनशे लोकांची मेहनत वाया जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अशाच एका सुनावणीत मी नकाशा उलगडून बसलो होतो. गठ्ठ्याच्या गठ्ठा निवेदनं आली, सगळी एकाच मजकुराची, आणि मग एक सायकल दुरुस्तीवाला आला, हातात पोराच्या वहीचं फाडलेलं पान. त्यावर पेन्सिलीनं चौक काढलेला, कुठं एसटी वळते, कुठं कापसाच्या गाड्या थांबतात, आणि बाजूला उभ्या रेघा मारून तासाला किती वाहनं गेली ते मोजलेलं, पाच रेघा झाल्या की आडवी काट. साहेबांनी पेन खाली ठेवला, ते पान दोनदा पाहिलं आणि फाईलला लावायला सांगितलं. त्या दिवशी एवढीच एक हरकत खरी ऐकली गेली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. तुमच्या बोर्डावरचा कागद म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ ची नोटीस दिसते. मंजूर विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असला की नगरपरिषदेला राजपत्रात नोटीस द्यावी लागते, एक महिन्याच्या आत कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना सुनावणी द्यावी लागते आणि मग प्रस्ताव मंजुरीला राज्य शासनाकडं जातो. म्हणजे शेवटचा शब्द नगरपरिषदेचा नाही. हे मुद्दाम सांगतो कारण गावात लोक नगरसेवकाच्या घरी चकरा मारत बसतात आणि इकडं महिना निघून जातो.

आणि ही नोटीस निघाली हे तुमचं नशीब समजा. जागा आधीच योग्य झोनमध्ये असती तर कंपनीनं फक्त बांधकाम परवानगीचा अर्ज टाकला असता, तो २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत बसतो का एवढंच तपासलं गेलं असतं आणि त्यात लोकांकडून हरकती मागवायची पद्धतच नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी असा प्रस्ताव गावच्या नियोजन मंडळासमोर जाहीर सुनावणीला येतो, शेजारचे लोक येऊन बोलतात, आपल्याकडं तसं नाही. आपल्याला बोलायला जी खिडकी मिळते ती विकास योजना बनताना किंवा बदलताना, आणि तुमची खिडकी आत्ता उघडी आहे.

हरकतीत काय लिहायचं? पहिलं, भाजी बाजार. हे आरक्षण कोणीतरी विचार करून टाकलं होतं, गावाला भाजीची जागा लागेल म्हणून, पण जागा कधी संपादनच झाली नाही आणि म्हणून भाजीवाल्या बाया आज रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसतात. आरक्षण काढणार असाल तर भाजी बाजाराला दुसरी जागा कुठं दाखवली, हा प्रश्न सरळ लिहा. सोबत हेही विचारा की मालकानं कलम १२७ ची नोटीस दिली होती का. योजना लागू होऊन १० वर्षं झाली तरी जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. तशी नोटीस दिली असेल तर गावाची बाजू कमजोर पडते, ते आधीच माहीत असलेलं बरं. मालकाचाही विचार करा, इतकी वर्षं त्याची जागा अडकून पडली आणि मोबदला मिळाला नाही, हे काही न्यायाचं नाही.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, रांग. साध्या हॉटेलात माणूस गाडी लावतो आणि आत जातो, ड्राइव्ह-थ्रूमध्ये गाडीच रांगेत उभी राहते. एक कार साधारण चार-साडेचार मीटर, मागंपुढं अंतर धरलं की सहा मीटर हिशोबाला घ्या. खिडकीपासून गेटापर्यंत रस्ता ३० मीटर असेल तर आत पाच गाड्या मावतात, सहावी कुठं उभी राहणार? चौकात, एसटीच्या वळणावर. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या बाजार समितीकडं जातात, शाळा सुटते, शुक्रवारी अर्धा रस्ता दुकानांनी भरलेला असतो, त्यात ती सहावी गाडी टाकून पाहा. म्हणून टेप घ्या, शाळेतल्या मोठ्या पोरांना सोबत घ्या, रस्त्याची रुंदी, गेट ते चौक अंतर, बसस्टँडचं तोंड, सगळं मोजा, आणि एक शुक्रवार व एक साधा दिवस वाहनं मोजा. असा कागद मी कोणाला फेकताना पाहिला नाही.

नोटिशीसोबतचा नकाशा कार्यालयात पाहायला ठेवलेला असतो, जाऊन पाहा, फोटो काढू देत नसतील तर हातानं काढून घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून टाकाच, पण उत्तराला ३० दिवस असतात आणि तुमची मुदतही महिन्याचीच, तेव्हा त्याच्या भरवशावर थांबू नका. हरकत मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, आणि शेवटी 'मला सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचं आहे' हे वाक्य लिहाच.

प्रश्न : साहेब, माझा चौकात तर्री-पोह्याचा ठेला आहे, बापापासूनचा. आता लोक म्हणून राहिले की मोठं हॉटेल आलं की नगरपरिषद तुम्हाले उचलून देईन. खरं आहे का जी? — एक ठेलेवाले

उत्तर : दादा, घाबरू नका पण झोपूनही राहू नका. २०१४ चा पथविक्रेता कायदा तुमच्यासाठीच आहे. त्यात स्पष्ट आहे की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवायचं नाही, आणि नंतर हलवायचं झालं तरी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असावे लागतात. तुमच्या गावात सर्वेक्षण झालं का, तुमचं नाव यादीत आहे का, हे उद्याच जाऊन विचारा. ठेल्याचा फोटो, नगरपरिषदेच्या रोजच्या पावत्या, वडिलांच्या काळातली एखादी जुनी पावती सापडली तर तीही, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. अन्नाची नोंदणी नसेल तर तीही करून घ्या, म्हणजे त्या निमित्तानं कोणी अडवणार नाही.

एक गोष्ट मात्र खरी सांगतो, हॉटेल आलं म्हणून तुमचा धंदा कमी होईल ही हरकत झोनच्या सुनावणीत टिकत नाही. सकाळी सातला पहिल्या एसटीतून उतरणारा माणूस तर्री प्यायला कारच्या रांगेत जाणार नाही एवढं मला माहीत आहे. पण हॉटेलच्या गेटसाठी तुमची जागा रिकामी करायचा विचार असेल तर तो नकाशात दिसू शकतो, प्रवेशाचा आणि बाहेर निघायचा बाण कुठं काढलाय ते कोणाकडून तरी वाचून घ्या. बाण तुमच्या ठेल्यावरून जात असेल तर हरकत द्यायचा पहिला हक्क तुमचा आहे.

प्रश्न : आमच्या गावात काही नवीन येऊन राहिलं की म्हातारे लोक आडवे येतात. नागपूर-अमरावतीला सगळं आहे, आम्ही काहून मागं राहायचं? चार पोरांना काम तर मिळेल. — बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : तुझा राग मला समजतो, आणि तुझ्यासारख्या पोरांना गावात राहून काम मिळावं असं मलाही मनापासून वाटतं. नोटिशीत हरकतीसोबत सूचनाही मागवतात, म्हणजे पाठिंब्याचं पत्रही देता येतं, ते फार कमी लोक देतात. तू दे. पण नुसतं 'हॉटेल पाहिजे' लिहू नको, कुठं आणि कसं पाहिजे ते लिही. मागच्या बाजूला डीपी रोड, म्हणजे विकास योजनेत दाखवलेला रस्ता, असेल तर गाड्यांचा प्रवेश तिकडून मागता येतो. चौकात पायी येणाऱ्यांसाठी हॉटेल आणि गाड्यांची खिडकी बायपासवर, असंही सुचवता येतं. बायपास राष्ट्रीय किंवा राज्य मार्ग असेल तर रस्त्याला जोड द्यायला त्या त्या खात्याची वेगळी परवानगी लागते. पण ड्राइव्ह-थ्रूची पद्धत जन्मली मुळात गाडीवाल्यांसाठी, मॅकडोनाल्ड कंपनीचं पहिलं ड्राइव्ह-थ्रू १९७५ मध्ये अमेरिकेत अॅरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावात निघालं, कारण शेजारच्या लष्करी तळावरच्या सैनिकांना वर्दीत असताना गाडीतून उतरायची मुभा नव्हती. आणि त्याच देशात मिनियापोलिस शहरानं २०१९ मध्ये नवीन ड्राइव्ह-थ्रूला बंदी घातली, पायी चालणाऱ्या माणसाचा विचार करून. तेव्हा चौकात नको म्हणणारे सगळे मागासलेले असतात असं समजू नको.

नोकऱ्यांबद्दल, गावच्याच पोरांना घ्या अशी अट झोनच्या फाईलमध्ये टाकता येत नाही. ते कंपनीशी वेगळं बोलावं लागेल, आणि बोला, चार-पाच जण मिळून जा.

प्रश्न : आमचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून मागं आहे. ऑर्डर घेताना म्हणे स्पीकर असतो. सासूबाई आजारी असतात. भिंतीजवळ तीन मोठे कडुनिंब आहेत, ते पण तोडतील का? — एक गृहिणी

उत्तर : बाई, तुमची हरकत सगळ्यात नेमकी होऊ शकते कारण तुम्ही थेट शेजारी आहात, सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळायला पाहिजे, नाही आली तर ते लेखी कळवा. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल आणि वाणिज्य भागात ५५, दिवसा ५५ आणि ६५. जागा वाणिज्य झाली तरी तुमचं घर रहिवास विभागातच राहतं हे अर्जात ठळक लिहा आणि अटी मागा : स्पीकरचं तोंड रस्त्याकडं, स्वयंपाकघराच्या धुराचा पंखा तुमच्या भिंतीकडं नको, माल उतरवणारी गाडी रात्री नको, मागची भिंत उंच.

कडुनिंबाचं म्हणाल तर झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मालकाच्या जागेतलं असलं तरी. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरतात आणि त्याला जास्त संरक्षण आहे. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर सुतळीनं मोजा, सुतळी टेपवर ठेवा, तिन्ही झाडांचा फोटो काढा आणि सासूबाईंना विचारा की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ही झाडं केवढी होती, ते त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांची सही घ्या. हा कागद हरकतीला जोडा आणि एक प्रत वेगळ्या अर्जानं वृक्ष प्राधिकरणाकडं द्या, दोन्हीकडचा आवक नंबर घ्या. मुदतीनंतर बांधकामाची परवानगी निघालीच तरी वर सांगितलेल्या १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ५१ खाली ती मागं घेता किंवा बदलता येते, पण बांधकाम बरंच पुढं गेलं की तो रस्ता बंद होतो, म्हणून पाया खोदायला सुरुवात झालेली दिसली की त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या.