अप्पांच्या बुलेटचं हँडल

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे १९८६ सालची बुलेट ३५० आहे, उजव्या पायाच्या गिअरची. दर पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला ते तिच्यावरच जातात. हल्ली परत आले की तळहात बधिर झालेले असतात, खांदे भरून येतात. आमचा मेकॅनिक म्हणतो, सहा इंच उंच हँडल टाकू, अप्पा राजासारखे बसतील. टाकावं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, हँडल बदला, पण सहा इंच अजिबात नको. आणि दुकानात जायच्या आधी घरच्या अंगणात एक काम करा.

गाडी मेन स्टँडवर लावा. अप्पांना रोज बसतात तसंच बसू द्या, डोळे मिटायला सांगा. पाठ सरळ, खांदे सैल, कोपरं थोडी वाकलेली, आणि हात आपसूक पुढे येतील तिथे मुठी वळायच्या. आता टेप घेऊन तुम्ही मापा : मुठीपासून ग्रिप किती खाली आहे आणि किती पुढे आहे. मी हे माप बऱ्याच जणांचं घेतलंय. वर दीड-दोन इंच आणि मागे इंचभर, एवढंच बहुतेक वेळा निघतं. बधिरपणा येतो तो पुढे वाकून अंगाचा भार तळहातावर पडल्यामुळे, वरून बुलेटची थरथर. त्यामुळे हँडल अंगाकडे किती येतं याला उंचीइतकंच महत्त्व आहे. नुसतं उंच आणि लांबच राहिलेलं हँडल खांदे आणखी दुखवतं.

सध्याचं हँडल मूळचंच आहे ना, तेही बघा. मधल्या काळात कुणी आडवं, आखूड हँडल बसवलं असेल, तर जुन्या घडणीचं परत लावल्यावरच प्रश्न सुटेल.

नवीन घेताना पाइप २२ मिलिमीटरचा घ्या, म्हणजे तुमचेच क्लॅम्प, लिव्हर आणि ग्रिप बसतील. मधे क्लॅम्प धरतो तिथे खरखरीत रेघा हव्यात, नाहीतर खड्ड्यात हँडल फिरतं. जोड देऊन, वेल्डिंग करून उंच केलेलं हँडल कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

आता खरी गोष्ट, वायरींची. अप्पांच्या गाडीला हँडलवरून चार वायरी जातात : ॲक्सिलेटर, क्लच, पुढचा ब्रेक आणि डिकॉम्प्रेसर, म्हणजे किक सोपी जावी म्हणून इंजिनातला दाब सोडणारा खटका. ही चौथी सगळे विसरतात. ती ताणली गेली तर इंजिनाच्या हेडमधला त्याचा छोटा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, फसफस करत कॉम्प्रेशन, म्हणजे तो दाब, निघून जातो, आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात. दोन इंचांपर्यंत वायरीची वाट बदलून कधीकधी भागतं. त्याहून उंच गेलात तर चारही वायरी लांब करून घ्याव्या लागतात, आतली तार आणि वरचं आवरण दोन्ही.

हे मी स्वतःवर ओढवून घेतलेलं आहे. विशीत असताना हौसेनं उंच हँडल टाकलं, वायरी जुन्याच ठेवल्या. पार्क चौकाजवळ गाडी वळवायला हँडल पूर्ण उजवीकडे नेलं आणि ॲक्सिलेटर आपोआप ओढला गेला. गाडी उसळून थेट भिंतीवर. मनगट मोडलं, दीड महिना प्लॅस्टर होतं. मागे कुणी बसलं असतं तर, हा विचार अजून येतो. म्हणून हात जोडून सांगतो : हँडल बसवल्यावर गाडी मेन स्टँडवर स्लोवर चालू ठेवा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. इंजिनाचा आवाज तसूभरही वाढता कामा नये. तेव्हाच बघा की ग्रिप टाकीला किंवा अप्पांच्या मांडीला टेकत नाही, आणि हॉर्न-डिपरच्या वायरी कुठे चिमटत नाहीत. आवाज वाढला तर मेकॅनिक काहीही म्हणो, गाडी ताब्यात घेऊ नका.

अप्पांना हेही सांगून ठेवा. सरळ बसल्यावर छातीवर वारा जास्त येतो, ताशी सत्तरच्या पुढे हातांना ओढ बसते. पन्नास-साठनं गेले तर आरामच आराम. तुळजापूरच्या घाटात पहिल्यांदा पुढचं चाक हलकं वाटेल, वळणावर घाई नको. कमरेचं दुखणं मात्र यानं जाईलच असं नाही. सरळ बसलं की खड्ड्याचा दणका थेट मणक्याला लागतो, त्यामुळे सीटच्या स्प्रिंगा आणि मागचे शॉकअप तपासून घ्या. आणि गाडी न चालवताही, रात्री झोपेत हाताला मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

जुनं हँडल ग्रीस लावून, कापडात गुंडाळून ठेवा. इतक्या जुन्या गाडीचं आरसी दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं, तेव्हा ती आरटीओत दाखवताना मूळ वस्तू घरात असलेली बरी.

पहिल्याच दिवशी तुळजापूर गाठू नका. तामलवाडीपर्यंत जाऊन परत या, गाडी गार झाली की क्लॅम्पच्या चारही बोल्टना पुन्हा पाना लावा, आणि अप्पांना विचारा तळहात कसे आहेत. त्यांचं उत्तर मला जरूर कळवा.