एकच देवी निवडू नका

ग्रीक देवींवरून स्वतःचा स्वभाव ओळखायला बसलात, तर ‘मी अथेना’ असा शिक्का पहिल्याच दिवशी मारून घेऊ नका. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जीन शिनोडा बोलेन यांनी 1984 मध्ये मानसशास्त्रज्ञ युंगच्या आदिबंधांवरून (सगळ्यांच्या मनात असणाऱ्या मूळ नमुन्यांवरून) स्त्रीस्वभावाची सात देवींत मांडणी केली. त्यात आर्टेमिस, अथेना, हेस्टिया या स्वयंपूर्ण; हेरा, डिमिटर, पर्सेफनी या नात्यांत गुंतलेल्या; आणि प्रेमाची देवी अफ्रोडाइटी वेगळी. सातही प्रत्येकीत कमीजास्त असतात, म्हणून निवड नको, क्रम लावा. तोही दोनदा: विशीतला आणि आजचा. बाळंतपणानंतर आईपणाची डिमिटर एकदम वर येते, ते तिथे दिसेल.

पहिल्या गटाला ‘कुमारी’ म्हणतात, तिथे बरेच जण घसरतात. मुद्दा लग्नाचा नाही, कुणावाचून न अडण्याचा आहे. या तिघींवर अफ्रोडाइटीची मात्रा चालत नाही, असं प्राचीन ग्रीक होमरिक स्तोत्रातच आहे.

हेराला नुसती मत्सरी ठरवू नका. ती विवाहाची देवता, मत्सर ही तिची काळी बाजू. हेस्टियाच्या कथा जवळपास नाहीतच, म्हणून ती यादीत उगाच तळाला जाते. चुलीपाशी शांत बसणारी ती, तिला मुद्दाम शोधावं लागतं.

आणि हो, हे निदान नव्हे. नैराश्यासाठी डॉक्टरच गाठा.