"हे आपल्याकडे आलंच नाही असं समजा"

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. नाइटला पोट दुखतंय म्हणून 15 वर्षांची मुलगी आणली, तपासलं तर दिवस गेलेले. सरांनी सिव्हिलला रेफर केलं आणि मला म्हणाले, सिस्टर, हे आपल्याकडे आलंच नाही असं समजा. मुलीचा काका जाताना धमकी देऊन गेला, तोंड उघडलंस तर बघून घेईन. मी कळवायचं का? आणि तो परत आला तर?

उत्तर: सिस्टर, कळवायचं, आजच. पॉक्सो, म्हणजे 18 च्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम 19 मध्ये ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायचं असं आहे, म्हणजे डॉक्टर, नर्स, आया, कुणीही, आणि सर नको म्हणाले म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. रेफर केलं म्हणजे कळवलं असंही होत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले, त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवलं नाही म्हणून त्याच्यावर गुन्हा लागला, नागपूर खंडपीठाने तो रद्द केला होता पण सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो परत उभा केला आणि माहीत असून गप्प बसणं गंभीर आहे असं स्पष्ट सांगितलं. तुमच्या सरांना हे जरूर ऐकवा.

तुम्ही पुरावा शोधायचा नाही, मुलीला खोदून खोदून विचारायचं नाही, तो पोलिसांचा तपास. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर केस होऊ शकत नाही, हेही कलम 19 मध्येच आहे. 112 (पोलीस) किंवा 1098 (चाइल्ड हेल्पलाइन) वर फोन करा नाहीतर ठाण्यात जा, तिथे माहिती लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवायला हवी आणि नोंदीला नंबर पडायला हवा.

आता काका. महाराष्ट्रात 2010 पासून हॉस्पिटल आणि स्टाफवरच्या हिंसेविरुद्ध वेगळा कायदा आहे, ड्युटीवर धमकावणंही त्यात येतं, तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 पर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. धमकी तारीख-वेळ टाकून मॅनेजमेंटला लेखी द्या, एक कॉपी सही-शिक्का घेऊन स्वतःकडे ठेवा, आणि त्याच पत्रात नाइटला एकटीची ड्युटी नको, गेटवर वॉचमन हवा, कॅमेरे चालू हवेत हेही मागा. मला खरा राग याचा येतो की स्टाफला गप्प बसवायला मॅनेजमेंट लगेच पुढे येतं आणि एक वॉचमन ठेवायला मात्र त्यांच्याकडे पैसे नसतात. सुरक्षित वाटत नसेल तर नर्स तोंड उघडणार कशी?

प्रश्न: मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या वस्तीत 16 वर्षांची मुलगी, लग्न झालेली, चौथा महिना. सासरचे गरोदरपणाची नोंदणीच नको म्हणतात, पोलीस येतील म्हणून. मी कळवलं तर ती दवाखान्यात यायचीच बंद होईल.

उत्तर: ताई, तुमची भीती खरी आहे, कायदा इथे कडक आहे आणि त्याचा भार शेवटी तुमच्यासारख्यांवर येतो. पण लग्नामुळे सूट मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2017 मध्येच सांगितलंय की बायको 18 च्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच. म्हणून कळवावं लागेल. मात्र आधी तपासणी, गोळ्या, हिमोग्लोबिन. पोलिसांचा कागद आणा मग बघू असं कुठलाही दवाखाना म्हणू शकत नाही, कुणी म्हणालं तर मेडिकल ऑफिसरला तिथेच फोन लावा. तिला गर्भपात हवा असेल आणि तिने व पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव देण्याची गरज नाही, हा सुप्रीम कोर्टाचा सप्टेंबर 2022 चा निकाल. ही सवलत गर्भपातापुरतीच आहे, बाळंतपणाला लावू नका. आणि एकट्याने जाऊ नका, मेडिकल ऑफिसरला लेखी कळवून त्यांना सोबत घ्या. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, ते झालं का तेवढं मात्र विचारत राहा, कारण मुलीला राहायला कुठे, सोबत कोण, हे तिथेच ठरतं.