बदललेला गुडघा पुन्हा दुखतोय, लगेच रिव्हिजन करावी का?

तुम्ही लिहिलंय की आईचा गुडघा १२ वर्षांपूर्वी बदलला, आता सूज येते, चालवत नाही, आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी रिव्हिजनची, म्हणजे बसवलेला सांधा किंवा त्याचा भाग पुन्हा बदलण्याच्या ऑपरेशनची, तारीख घ्यायला सांगितली. माझं मत: दुखतंय कशामुळे ते कळेपर्यंत तारीख घेऊ नका. कारण न शोधता केलेल्या रिव्हिजननंतर दुखणं तसंच राहू शकतं, आणि हाड मात्र आणखी कमी झालेलं असतं.

आईला नीट विचारा. बसून उठल्यावर पहिली चार पावलं दुखतं आणि मग जरा सैलावतं? तर सांध्याची पकड सुटल्याची शंका. बसल्या जागी, रात्रीही ठणकतं? मग इन्फेक्शनची. कधीकधी दुखणं खुब्यातून किंवा कंबरेतून उतरलेलं असतं आणि गुडघा बिचारा निर्दोष!

आत्ताच्या एकट्या एक्स-रेवरून फारसं ठरत नाही, जुने शेजारी लावून बघावे लागतात. झिजतं ते मधलं प्लास्टिक, ते एक्स-रेत दिसतच नाही. धातूच्या दोन भागांमधली फट कमी झालेली दिसते. त्या प्लास्टिकच्या बारीक कणांवर शरीर तुटून पडतं आणि त्यात आजूबाजूचं हाड झिजत जातं.

इन्फेक्शन नाही याची खात्री सगळ्यात आधी. रक्ताचं ईएसआर, सीआरपी (शरीरात दाह आहे का ते दाखवणाऱ्या तपासण्या), आणि सांध्यातलं पाणी काढून पेशींची मोजणी व कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघणं. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून कल्चर १४ दिवस ठेवायला सांगा. तोवर ‘सूज आहे, पाच दिवस गोळ्या घ्या’ म्हणून फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर सर्जनला विचारल्याशिवाय सुरू करू नका. त्या गोळ्यांमुळे जंतू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा जखमेतून पू आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आमच्या ह्यांना इन्फेक्शनच निघालं, त्यामुळे दोन टप्प्यांत झालं. आधी जुना सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर (सांध्याची जागा धरून ठेवणारा तात्पुरता तुकडा), मग काही आठवडे इंजेक्शनं, आणि रिपोर्ट निवळल्यावर नवा सांधा. खरी परीक्षा मधल्या काळाची. सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही. रक्त घ्यायला लॅबचा मुलगाच वर यायचा. इंजेक्शनांसाठी दंडात घातलेली नळी भिजू नये म्हणून अंघोळीला दुधाची पिशवी कापून चिकटपट्टीने गुंडाळायचो. पायाला किती भार द्यायचा हे सर्जनकडून लिहूनच घ्या, फिजिओ आणि घरचे दोन वेगवेगळं सांगतात.

खर्चाचं: एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, कमाल किमती ठरवल्या, रिव्हिजनच्याही, तेव्हा तो आकडा जीएसटी सोडून ६२,७७० रुपये होता. ही मर्यादा इम्प्लांटला आहे, हॉस्पिटलच्या पॅकेजला नाही. कोटेशनमध्ये दोन्ही वेगळे मागा.

आणि जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात आजच अर्ज टाका. ऑपरेशन नोट्स आणि इम्प्लांटचे स्टिकर हवेत, त्यावर कंपनी, मॉडेल, माप असतं. नुसतं प्लास्टिक बदलून भागणार असेल तर ते बसवलेल्या मॉडेललाच जुळणारं लागतं. दुसरं मत घ्यायला जाताना ती फाइल हातात ठेवा आणि सर्जनला सरळ विचारा, वर्षाला रिव्हिजन किती करता?