वाचक विचारतात : जुन्या चेहऱ्याचे डिजिटल कॅमेरे

निकॉनचा झेड-एफ घेतला. शटरची डायल १/५०० वर ठेवली तरी फोटो १/६० ने निघतात. मित्राच्या फुजीफिल्म एक्स-टी५ वर डायल फिरवली की लगेच फरक पडतो. माझ्या कॅमेऱ्यात बिघाड आहे का? (वाचक, नाशिक)

बिघाड नाही. दोन्ही कॅमेरे वरून सारखे दिसतात, पण आतला कारभार वेगळा आहे.

फुजीच्या कॅमेऱ्यावर मोड निवडायची डायलच नाही. लेन्सची रिंग अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, ठरवते. तिच्यावर ‘ए’ (ऑटो) आहे आणि शटरच्या डायलवरही ‘ए’ आहे. दोन्ही ‘ए’वर ठेवले की प्रोग्राम मोड, म्हणजे दोन्ही कॅमेराच ठरवतो. फक्त शटर ‘ए’वर ठेवलं तर अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, फक्त रिंग ‘ए’वर ठेवली तर शटर तुम्ही ठरवता. दोन्ही ‘ए’वरून काढले की सगळं मॅन्युअल.

झेड-एफवर मालक वेगळा. डावीकडच्या आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) डायलच्या खाली एक लहान खटका आहे : ऑटो, पी (प्रोग्राम), एस (शटर तुम्ही ठरवता), ए (इथे अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता), एम (मॅन्युअल). तो ‘पी’ किंवा ‘ए’वर असेल तर शटरची डायल नुसती फिरते, कॅमेरा तिचं ऐकत नाही. खटका ‘एस’ किंवा ‘एम’वर आणा, १/५०० लगेच लागू होईल. डायलवर पूर्ण स्टॉपचेच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आकडे आहेत. १/६४० सारखा मधला वेग हवा असेल तर डायल ‘वन-थर्ड स्टेप’ या जागेवर आणून मागचं चाक फिरवा.

आणखी एक गोष्ट लगेच तपासा. मेन्यूत ऑटो आयएसओ चालू असेल तर डायलवरचा ४०० हा फक्त खालचा आकडा ठरतो. उजेड कमी पडला की कॅमेरा त्याच्या वर जातो आणि डायलवर ४०० दिसत असताना फोटो ३२०० ने निघतो. डायलवरचा आकडा खरा ठरायला हवा असेल तर ऑटो आयएसओ बंद ठेवा. या कॅमेऱ्याची निम्मी गंमत त्या एका सेटिंगवर अवलंबून आहे.

अ‍ॅपर्चरसाठी मात्र झेड लेन्सवर आकड्यांची रिंग शोधू नका. ४० मिमी एफ/२ ची एसई आवृत्ती जुन्या लेन्ससारखी दिसते, पण तिच्यावरही ती नाही. अ‍ॅपर्चर पुढच्या चाकाने बदलायचं. आकडा वरच्या पाटीवरच्या छोट्या खिडकीत दिसतो.

डिजिटल कॅमेऱ्याला जुना चेहरा देणं ही निव्वळ फॅशन नाही का? (वाचक, पुणे)

फॅशन आहेच, पण निव्वळ नाही. २०१० मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात फुजीफिल्मने एक्स१०० दाखवला. २०१३ मध्ये निकॉनने डीएफ आणला. त्यात डी४ चा १६ मेगापिक्सेलचा सेन्सर होता आणि व्हिडिओची सोय मुद्दाम ठेवली नव्हती. २०२३ च्या झेड-एफवर शटरच्या डायलखाली फोटो, व्हिडिओ आणि कृष्णधवल असा खटका आहे. कृष्णधवलसाठी वेगळा खटका देणं हा आम्हाला या सगळ्या प्रकारातला सर्वांत विचारी निर्णय वाटतो. खटका सरकवला की व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य राखाडी होतं आणि नजर रंग सोडून उजेडाकडे वळते. मेन्यूत सहा पायऱ्या खाली दडलेली सोय कोणी रोज वापरत नाही.

खरा फायदा हा, की कॅमेरा बंद असतानाही तो कशावर ठेवला आहे ते दिसतं. मंडपातून उन्हात येताना, कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच शटर १/६० वरून १/१००० वर आणता येतं. दृश्य झपाट्याने बदलत असेल, उदाहरणार्थ खेळ किंवा पक्षी टिपायचे असतील, तर पारंपरिक मोड डायल आणि साठवून ठेवलेली सेटिंग्ज जास्त वेगवान. तिथे रेट्रो कॅमेऱ्याचा आग्रह धरू नका.

मधूनच आख्खी मालिका काळपट येते. मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) खराब झालं असेल का? (वाचक, बेळगाव)

बहुधा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची) डायल पिशवीत घासून सरकली आहे. ती उजव्या कोपऱ्यात असते आणि शटर-आयएसओच्या डायलसारखं तिला कुलूप नसतं. कॅमेरा बाहेर काढला की आधी अंगठ्याने तिचं शून्य तपासायची सवय लावा. किंवा ती ‘सी’वर ठेवा. मग कॉम्पेन्सेशन चाकाने होतं आणि डायलला धक्का लागायचा प्रश्न उरत नाही.

वडिलांची निकॉनची ५० मिमी एफ/१.८ मॅन्युअल लेन्स आहे. ती झेड-एफवर चालेल का? चालवायची कशी? (वाचक, ठाणे)

एआय किंवा एआय-एस (निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्स) प्रकारची असेल तर एफटीझेड हा जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यांवर बसवणारा अ‍ॅडॉप्टर लावून छान चालते. आधी लेन्स तपासा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून आडव्या कोनातून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. लेन्स साफ करून घेतल्याशिवाय इतर लेन्सबरोबर ठेवू नका. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलं असेल तर तीही उघडून स्वच्छ करावी लागतील.

मग मेन्यूत ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’ शोधा आणि ५० मिमी व एफ/१.८ भरा. हे टाळू नका : सेन्सर हलवून थरथर रोखणाऱ्या यंत्रणेला फोकल लेंग्थ माहीत नसेल तर ती चुकीच्या प्रमाणात हलते आणि फोटो उलट अस्पष्ट येतो. मोड ‘ए’ किंवा ‘एम’ ठेवा. अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगवरूनच बदलायचं. ते लगेच प्रत्यक्ष मिटतं, म्हणून एफ/८ वर फोकस नेमका कुठे आहे ते कळणं अवघड जातं. एफ/१.८ वर फोकस करा, दृश्य मोठं करून डोळ्याच्या पापण्या पाहा, मग रिंग एफ/४ वर आणा आणि फोटो घ्या. फोटोच्या माहितीत प्रत्यक्ष वापरलेलं अ‍ॅपर्चर नोंदलं जात नाही, त्याने गोंधळू नका.

लेन्सवर ‘एएफ’ आणि शेवटी ‘डी’ असं लिहिलेलं असेल तर वेगळी अडचण आहे. तिला फोकससाठी बॉडीतली मोटर लागते आणि ती एफटीझेडमध्ये नाही. तिचाही फोकस हातानेच करावा लागेल.

हीच लेन्स फुजीवर साध्या अ‍ॅडॉप्टरने लावायची असेल तर मेन्यूत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करा, नाहीतर शटर दबणारच नाही. फुजीचा सेन्सर लहान असल्यामुळे ५० मिमीची चौकट ७५ मिमीइतकी अरुंद होते.

एक्स१०० व्हीआयवर दुपारी एफ/२ ला फोटो पांढरे पडतात. (वाचक, सोलापूर)

हिशेब पाहा. आयएसओ १२५ ला भर उन्हात एफ/१६ आणि १/१२५ बरोबर बसतं. एफ/१६ पासून एफ/२ म्हणजे सहा स्टॉप, म्हणजे शटर १/८००० लागेल. या कॅमेऱ्याचं लीफ शटर (लेन्समधलं यांत्रिक शटर) १/४००० च्या पुढे जात नाही. आतला एनडी फिल्टर चालू करा. तो चार स्टॉप उजेड अडवतो आणि शटर १/५०० वर येतं. इलेक्ट्रॉनिक शटरनेही वेग मिळतो, पण धावणारी वाहनं तिरकी दिसतात आणि एलईडी दिव्यांखाली पट्टे येतात.

कोकणातल्या पावसात हे कॅमेरे टिकतात का? (वाचक, रत्नागिरी)

झेड-एफची बॉडी धूळ आणि शिंतोडे सोसते. एक्स१०० व्हीआयची लेन्स मात्र समोरून उघडी आहे. पुढची रिंग काढून अ‍ॅडॉप्टर रिंग आणि तिच्यावर ४९ मिमीचा फिल्टर लावला तरच संरक्षण पूर्ण होतं. मुसळधार पाऊस यांपैकी कशासाठीही नाही.

चामड्याचं अर्धं कव्हर जूनमध्येच काढून ठेवा. ते ओल धरतं, आणि कॅमेऱ्याच्या तळाशी व बॉडीवर चिकटवलेल्या आवरणाच्या कडांना बुरशी तिथूनच लागते. आवरण पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड पुरतं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं तर डिंक सैल होऊन कडा उचलल्या जातात. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. एसीतून बाहेर येताना कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या, म्हणजे काचेवर बाष्प धरणार नाही.

झेड-एफ हातात नीट बसत नाही. ग्रिप घ्यावी का? (वाचक, कोल्हापूर)

४० मिमी लेन्स असेल तर गरज नाही. २४-१२० एफ/४ लावली की बॉडीचे ७१० ग्रॅम आणि लेन्सचे ६३० ग्रॅम मिळून सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो. तेव्हा तळाला स्क्रूने बसणारी ग्रिप घ्या. घेण्याआधी ती लावून खालचं झाकण उघडतं का ते पाहा. बॅटरी आणि दोन्ही कार्डं त्याच झाकणाखाली आहेत.